उष्णतेचे पहिले वीस नॅनोमीटर



आपल्यापैकी बरेच जण ठाणे-बेलापूर रस्त्याने नेहमी ये-जा करतात. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा पूर्वी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आता त्याच पट्ट्यात एका वेगळ्याच जातीच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना खिडक्या जवळजवळ नाहीत, माणसांची वर्दळ नाही, मालाने भरलेले ट्रक बाहेर पडताना दिसत नाहीत. गच्चीवर मात्र मोठमोठ्या पंख्यांच्या रांगा, आणि त्यांची रात्रंदिवस घरघर. ही डेटा सेंटर्स. आपण फोनवरून पैसे पाठवतो, नातवंडांचे फोटो साठवतो, नाटकाचं तिकीट काढतो, ते सगळं अशाच कुठल्या तरी इमारतीतून जातं.

आता एक साधा प्रश्न विचारू. या कारखान्यात तयार काय होतं? माहिती, असं आपण म्हणू. पण भौतिकशास्त्राचा हिशेबनीस आला, तर तो म्हणेल, इथे एकच पक्का माल तयार होतो आणि तो म्हणजे उष्णता. आत जितकी वीज जाते, तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. शिवाय ती उष्णता बाहेर काढायला आणखी वीज लागते. नागपूरला उन्हाळ्यात पाण्याचा कूलर मस्त चालतो, आणि वाशीत तोच कूलर लावला तर अंगाला चिकचिक होते. कारण आपली हवा दमट, त्यात पाणी सहज वाफ होऊन जात नाही. म्हणून या इमारती थंड ठेवणं आपल्याकडे मुळातच महाग पडतं.

गच्चीवरचे पंखे आपल्याला दिसतात. पण उष्णता तिथे पोचायच्या आधी फार लांबून आलेली असते. तिचा जन्म होतो एका ट्रान्झिस्टरमध्ये, केसाच्या जाडीच्या हजारो पट लहान जागेत. तिथून ती सिलिकॉनच्या तुकड्यात, मग तांब्याच्या पत्र्यात, मग पाण्यात किंवा हवेत, आणि शेवटी गच्चीवर येते. या सगळ्या प्रवासात लांबीच्या मानाने सर्वांत उभी चढण कुठे आहे? ती आहे अगदी सुरुवातीला, पहिल्या वीस-तीस नॅनोमीटरमध्ये. आज आपण त्या पहिल्या टप्प्याबद्दल बोलणार आहोत.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, यंत्रशास्त्र नाही. तरी हा विषय घेतला, कारण त्या वीस नॅनोमीटरमध्ये तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पुन्हा जिवंत झाला आहे, आणि तो जिवंत केला आहे तो इंजिनिअर मंडळींनी. गंमत अशी, की दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तत्त्वज्ञांनीच तो प्रश्न निरर्थक म्हणून बाजूला सारला होता.

पोळी, भाकरी आणि फुरिए

पहाटे उठून अनवाणी फरशीवर पाय ठेवला की फरशी गार लागते. शेजारी अंथरलेली सतरंजी मात्र ऊबदार. थर्मामीटर लावून पाहा, दोघींचं तापमान सारखंच. मग फरक कशाचा? फरशी आपल्या पायातली उष्णता पटकन ओढून घेते, सतरंजी हळू घेते. याला आपण उष्णतावाहकता म्हणतो. तांब्याची जास्त, काचेची कमी, लोकराची फारच कमी. शाळेच्या पुस्तकात याचा तक्ता असतो. प्रत्येक पदार्थापुढे एक आकडा.

या आकड्याला अर्थ दिला जोसेफ फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने. १८०७ मध्ये त्याने आपला पहिला निबंध सादर केला आणि १८२२ मध्ये उष्णतेवरचा त्याचा ग्रंथ आला. त्याचा नियम आपण स्वयंपाकघरात रोज वापरतो. दोन बाजूंच्या तापमानात फरक जितका जास्त, तितकी उष्णता जास्त वाहणार. वस्तू जितकी जाड, तितकी कमी वाहणार. पातळ पोळी भराभर भाजते, जाड भाकरीला वेळ लागतो. पदार्थाचा गुण त्या एका आकड्यात, म्हणजे वाहकतेत, बंद झाला. बाकी सगळी मोजमापं.

फुरिएचं वैशिष्ट्य असं, की उष्णता म्हणजे नेमकं काय, हे सांगण्याची जबाबदारी त्याने घेतली नाही. त्या काळी यावर मोठा वाद होता. एक पक्ष म्हणे, उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे. दुसरा म्हणे, ती कणांची हालचाल आहे. रमफर्डने १७९८ मध्ये तोफा भोकताना निघणाऱ्या उष्णतेवरून हा दुसरा पक्ष मांडला होता. आपल्याकडे वैशेषिकांनी उष्ण स्पर्श हा तेज नावाच्या द्रव्याचाच गुण मानला. पाणी तापलं तर पाणी स्वतः उष्ण होत नाही, त्यात शिरलेलं तेज उष्ण असतं, अशी त्यांची मांडणी. म्हणजे द्रव्यवाद इथेही होता. फुरिएने या भांडणात पडायचंच नाकारलं. उष्णता काहीही असो, ती वाहते कशी हे मोजता येतं, आणि तेवढं पुरे आहे.

ऑगस्त कोंत या तत्त्वज्ञाला हे इतकं आवडलं, की १८३० पासून प्रसिद्ध होऊ लागलेला आपला प्रत्यक्षार्थवादावरचा मोठा ग्रंथ त्याने फुरिएलाही अर्पण केला. विज्ञानाने वस्तूंचं अंतरंग शोधत बसू नये, घटनांमधले नियम शोधावेत, हा कोंतचा आग्रह. आणि त्याचं आवडतं उदाहरण फुरिएचं. ‘उष्णता म्हणजे काय?’ हा प्रश्न तिथे जवळजवळ निकाली निघाला. विचारायचीच गरज नाही, असा.

फुरिएचा नियम पुढे दीडशे वर्षं उत्तम चालला, अजूनही चालतो. बॉयलर, इंजिन, घराच्या भिंती, सगळ्याचे हिशेब त्यावर होतात. मग बिघडलं कुठे?

दालनातली गर्दी

त्यासाठी जो प्रश्न बाजूला ठेवला होता तो पुन्हा हातात घ्यावा लागतो. सिलिकॉनच्या स्फटिकात उष्णता म्हणजे काय?

स्फटिकात अणू रांगेत बसलेले असतात, आणि शेजारच्या अणूंशी जणू स्प्रिंगने बांधलेले असतात. एक हलला की शेजारी हलतो. गरम बाजूचे अणू जोरात थरथरतात, ती थरथर लाटांच्या रूपाने पुढे सरकते. या लाटांची ऊर्जा सुट्या पुडक्यांत मोजावी लागते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं. १९०७ मध्ये आइन्स्टाइनने आणि १९१२ मध्ये डेबाय याने घन पदार्थांतल्या उष्णतेचा हिशेब या मार्गाने मांडला. पुढे या पुडक्यांना ‘फोनॉन’ असं नाव पडलं. ग्रीक भाषेतल्या आवाजाच्या शब्दावरून आलेलं, कारण स्फटिकातला आवाज आणि स्फटिकातली उष्णता, दोन्ही शेवटी अणूंच्या लाटाच. धातूंमध्ये उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहून नेतात. सिलिकॉनमध्ये ते काम फोनॉनचं.

आता आपण रेल्वे स्टेशनच्या एखाद्या प्रशस्त दालनाची कल्पना करू. संध्याकाळी साडेसहाची वेळ. प्रत्येक जण सरळ चालायला निघतो, पण दहा पावलं गेला की कुणाला तरी धडकतो आणि दिशा बदलतो. पुन्हा दहा पावलं, पुन्हा धडक. अशा रीतीने गर्दी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू झिरपते. दोन धडकांमधलं हे जे सरासरी अंतर, त्याला शास्त्रीय पुस्तकांत ‘सरासरी मुक्त पथ’ म्हणतात. आपण सोपं म्हणून ‘मोकळी धाव’ म्हणू.

फोनॉन एकमेकांना का धडकतात, हे १९२९ मध्ये रुडॉल्फ पायर्ल्सने दाखवलं. अणूंमधली स्प्रिंग अगदी आदर्श असती तर दोन लाटा एकमेकींतून आरपार गेल्या असत्या. ती तशी नसते, म्हणून लाटा एकमेकींना अडवतात. या धडकाधडकीची सरासरी काढली, की फुरिएचा नियम आपोआप मिळतो. म्हणजे फुरिएचा नियम हा गर्दीचा नियम आहे. दालन मोकळ्या धावेच्या मानाने खूप मोठं असेल, तरच तो लागू.

आता दालनाच्या जागी दोन पावलं रुंदीचा बोळ घ्या. माणसाची मोकळी धाव दहा पावलांची. तो कुणाला धडकायच्या आधी भिंतीला धडकणार. गर्दी असो नसो, त्याला अडवते ती भिंत. पातळ थरात फोनॉनचं नेमकं हेच होतं.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी. हॉलंडमध्ये लायडनला अतिशय थंड स्फटिकांवर प्रयोग चालले होते. थंडीत फोनॉन कमी, धडका कमी, त्यामुळे मोकळी धाव लांबच लांब. तिथे असं दिसलं, की स्फटिकाची वाहकता त्याच्या जाडीवर अवलंबून आहे. जाड कांडीची जास्त, बारीक कांडीची कमी, पदार्थ तोच! १९३८ मध्ये हेंड्रिक कासिमिर याने याचं गणित मांडलं. तेव्हा ती थंड प्रयोगशाळेतली नवलाई होती. पुढे ट्रान्झिस्टर इतका लहान झाला, की तीच गोष्ट आपल्या खिशातल्या, चांगल्या कोमट फोनमध्ये घडू लागली.

आकडे पाहू. साध्या सिलिकॉनच्या जाड तुकड्याची वाहकता खोलीच्या तापमानाला सुमारे १४८ वॉट प्रति मीटर प्रति केल्विन. या एककाची काळजी करू नका, फक्त तुलना लक्षात ठेवा. तांब्याची सुमारे ४००, काचेसारख्या सिलिकॉन ऑक्साइडची जेमतेम १.४. आता तोच शुद्ध सिलिकॉन घेऊन त्याचा २० नॅनोमीटर जाडीचा थर केला आणि त्या थराच्या लांबीच्या दिशेने मोजलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उत्तर आलं साधारण २२. म्हणजे जवळजवळ एकसप्तमांश. पदार्थ बदलला नाही, भेसळ केली नाही, फक्त भिंती जवळ आणल्या.

इथे आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. सोप्या सूत्राने सिलिकॉनमधली सरासरी मोकळी धाव काढली तर ती चाळीसेक नॅनोमीटर येते. पण १९९९ मध्ये जू आणि गुडसन यांनी पातळ थर मोजून सांगितलं, की उष्णता खरोखर वाहून नेणाऱ्या फोनॉनची धाव तीनशे नॅनोमीटरच्या आसपास धरावी लागते. असं का? कारण सगळे फोनॉन सारखे काम करत नाहीत. पुष्कळसे जागच्या जागी घुटमळतात, आणि थोडे लांब पल्ल्याचे धावपटू बराचसा बोजा वाहतात. सरासरीत घुटमळणाऱ्यांचीही गणना झाली, म्हणून आकडा लहान आला. बोजा कोण वाहतं हे न विचारता डोकी मोजली, की असं होतं. आणि जे लांब धावतात, त्यांनाच भिंतीचा फटका आधी बसतो.

पवईच्या विद्यार्थ्याचं समीकरण

या विषयाचं आपल्या परिसराशी एक नातं आहे. खाडीपलीकडे पवईला आयआयटी. तिथून १९८५ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन अरुण मजुमदार बर्कलेला गेले आणि १९८९ मध्ये तिथे त्यांनी डॉक्टरेट केली. १९९३ मध्ये त्यांनी पातळ थरांमधल्या उष्णतावहनावर एक निबंध लिहिला. पुढच्या संशोधकांनी तो सतत वापरला.

त्यातली कल्पना ऐकायला सोपी आहे. उष्णता तीन मार्गांनी जाते, असं शाळेत शिकवतात. वहन, अभिसरण, प्रारण. तव्यातून पोळीत जाते ते वहन. सूर्याकडून आपल्याकडे येते ते प्रारण, मध्ये काही नसतानाही. मजुमदारांनी म्हटलं, थर पुरेसा पातळ असेल तर फोनॉन वाटेत कुणाला न धडकता एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जातो. मग तो सूर्यकिरणासारखाच झाला. तेव्हा वहनाचा हिशेब प्रारणाच्या समीकरणाने करू. थर जाड असेल तर त्या समीकरणातून फुरिएचा नियम परत मिळतो. थर फार पातळ असेल तर प्रारणाचा नियम मिळतो. शाळेत दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या गोष्टी एकाच समीकरणाची दोन टोकं निघाली.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे खुर्चीत सावरून बसावंसं वाटतं. कारण या पातळ थराच्या आत तापमान किती, असं विचारलं तर काय होतं पाहा. एका बाजूची भिंत गरम, दुसरी थंड. फुरिए म्हणेल, मध्ये तापमान उताराच्या रस्त्यासारखं हळूहळू उतरतं. नवा हिशेब म्हणतो, उतार नाहीच. भिंतीपाशी तापमान एकदम उडी मारतं, मध्ये जवळजवळ सपाट, आणि पलीकडच्या भिंतीपाशी पुन्हा उडी. आणि मधलं ते ‘तापमान’ तरी काय आहे? तिथे गरम भिंतीकडून आलेले फोनॉन एका दिशेने चालले आहेत, थंड भिंतीकडून आलेले दुसऱ्या. दोघांची भेटच होत नाही. ठाण्याहून पनवेलला आणि पनवेलहून ठाण्याला जाणाऱ्या दोन लोकल नेरूळजवळ एकमेकींशेजारून जातात, त्या क्षणी नेरूळला प्रवाशांचं ‘सरासरी गाव’ कोणतं, असं विचारण्यासारखं ते आहे. आकडा काढता येईल, पण तो कुणाचाच पत्ता नाही.

तापमान हा समूहाने आपापसात देवाणघेवाण करून गाठलेला समझोता आहे. देवाणघेवाणच झाली नाही, तर समझोता कुठला? रोजच्या जगात हा समझोता इतका पटकन होतो, की तापमान हा वस्तूच्या प्रत्येक बिंदूला चिकटलेला गुण आहे असं आपण धरून चालतो.

टोलनाका

भिंतीपाशी तापमान उडी मारतं, असं म्हटलं. याचंही एक वेगळं कारण आहे आणि तेही जुनं आहे. १९४१ मध्ये प्योत्र कापित्झा या रशियन शास्त्रज्ञाला दिसलं, की तांबं आणि द्रवरूप हेलियम यांच्या सीमेवर तापमानात फट पडते. पुढे कळलं, की कुठलेही दोन पदार्थ जोडले तर सांध्यावर थोडाफार असा अडथळा असतोच. दोन पदार्थांतले अणू वेगळे, त्यांची स्प्रिंग वेगळी, त्यामुळे एकातली लाट दुसऱ्यात पूर्ण शिरत नाही, काही परत फिरते.

हलक्या वाहनांना टोलमाफी व्हायच्या आधीचा वाशीचा टोलनाका आठवा. अलीकडे सायन-पनवेल महामार्ग प्रशस्त, पलीकडे पूल प्रशस्त, आणि वेळ जायचा तो नाक्यावर. लांबच्या प्रवासात ती दहा मिनिटं जाणवत नाहीत. वाशीहून मानखुर्दला जायचं असेल तर तीच दहा मिनिटं म्हणजे सगळा प्रवास. चांगल्यापैकी सांधासुद्धा दहा-पंधरा नॅनोमीटर काचेइतका अडथळा करतो. जाड वस्तूत हे नगण्य. पण थरच जर पाच नॅनोमीटरचा असेल, तर थरापेक्षा नाका मोठा झाला.

म्हणून पातळ पोळीचं आपलं गणित इथे फसतं. थर पातळ करत गेलं तर आरपार जाणाऱ्या उष्णतेचा अडथळा काही काळ कमी होतो, पण एका मर्यादेखाली जात नाही. नाके शिल्लक राहतात. आणि थराच्या लांबीच्या दिशेने तर अडथळा वाढतच जातो.

चिपच्या आत

आता चिपमध्ये काय घडतं ते पाहू. कपड्याची इस्त्री हजार वॉटची धरली आणि तिचा तळ दोनशे चौरस सेंटीमीटरचा, तर दर चौरस सेंटीमीटरला पाच वॉट पडतात. दोन चौरस सेंटीमीटरची, शंभर वॉट खाणारी चिप घेतली तर तिथे पन्नास. इस्त्रीच्या दसपट, आणि तरी ती इस्त्रीइतकी तापू द्यायची नाही.

ट्रान्झिस्टर पूर्वी सिलिकॉनच्या सपाट लादीवरच बसायचा. खाली भरपूर सिलिकॉन, उष्णता उतरून जायला मोकळं रान. पण लहान झाल्यावर त्यातून वीज झिरपायला लागली. ती आवरण्यासाठी २०१२ च्या सुमारास उभ्या, माशाच्या परासारख्या पात्यांचे ट्रान्झिस्टर बाजारात आले. पात्याची रुंदी दहा नॅनोमीटरच्या आतबाहेर. आता तर पाच-सहा नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या एकावर एक रचून त्यांच्या चारी बाजूंनी वेष्टन घालतात. विजेच्या दृष्टीने हे उत्तम. पण उष्णतेच्या दृष्टीने पाहा, पट्टी पातळ म्हणून वाहकता घटलेली, चारी बाजूंना सांधे, आणि आजूबाजूला काचेच्या जातीचे थर, ज्यांची वाहकता सिलिकॉनच्या शंभरावा हिस्सा. विजेला कोंडायला जी भिंत बांधली, तिने उष्णतेलाही कोंडलं.

त्यात धावणारे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा आधी अशा फोनॉनना देतात, जे जोरात थरथरतात पण जागचे फारसे हलत नाहीत. त्यांनी ती पुढे धावपटूंकडे सोपवायची, मग उष्णता निघणार. तेवढ्या वेळात काही नॅनोमीटरच्या ठिपक्यात तापमान आजूबाजूपेक्षा चढतं. ही चढण आत असल्यामुळे बाहेरून फारसं काही करता येत नाही. खोली एक अंशाने थंड केली तर ठिपकाही साधारण एक अंशानेच थंड होतो. चढण तशीच. तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून वीज जास्त झिरपते, झिरपली की तो आणखी तापतो, आणि तारा व थर लवकर झिजतात.

१९९४ मध्ये घरगुती कॉम्प्युटरचा प्रोसेसर सेकंदाला दहा कोटी ठोके देत होता. २००४ मध्ये ३८० कोटी. पुढच्या वीस वर्षांत हा आकडा दुप्पटही झाला नाही. याचा सगळा दोष पातळ थरांवर टाकणं बरोबर नाही. विजेचा दाब आणखी कमी करता येईना, हे मोठं कारण. पण तो न घटल्यामुळे जी उष्णता साचते ती बाहेर काढायची वाटच अरुंद होत गेली, म्हणून अडचण दुहेरी झाली.

गुण कोणाचा?

मग चांगला पदार्थ वापरा ना, असं कुणीही म्हणेल. ग्रॅफीन आहे. कार्बनचा एकच अणू जाडीचा थर. २००८ मध्ये अधांतरी ताणलेल्या ग्रॅफीनची वाहकता सुमारे ५,००० मोजली गेली, तांब्याच्या बारापट. वर्तमानपत्रांत हा आकडा गाजला, जाहिरातींतही आला. पण २०१० मध्ये तोच थर सिलिकॉन ऑक्साइडवर टेकवून मोजला तेव्हा उत्तर आलं सुमारे ६००. चिपमध्ये ग्रॅफीन अधांतरी तर ठेवता येत नाही, कशावर तरी टेकवावंच लागणार. मग ग्रॅफीनची वाहकता किती म्हणायची, ५,००० की ६००?

आमच्या मते या सगळ्या विषयाचं मर्म याच प्रश्नात आहे. वाहकता हा पदार्थाचा गुण, असं आपण तक्ता पाहून शिकलो. वैशेषिकांच्या भाषेत गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो. पण पातळ थरात हा आकडा द्रव्यात राहतच नाही. तो द्रव्य, त्याची जाडी, त्याची कड आणि त्याचा शेजार, या सगळ्यांच्या संबंधात राहतो. जाड वस्तूंमध्ये कड आणि शेजार यांचा वाटा इतका छोटा होता, की तो संबंध आपल्याला गुणासारखा दिसला. फुरिए चुकला नव्हता. त्याच्या काळी मोजलेल्या सगळ्याच वस्तू जाड होत्या.

आणि हे समजलं की अडचणीचं साधनही होतं. थराची कड अगदी गुळगुळीत असेल तर फोनॉन आरशावरच्या किरणासारखा पुढेच उडतो, फार अडत नाही. कड खडबडीत असेल तर तो कुठल्याही दिशेला फेकला जातो. २००८ मध्ये बर्कलेच्या गटाने, त्यात मजुमदारही होते, मुद्दाम खडबडीत केलेल्या सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन तारा केल्या. त्यांची वाहकता जाड सिलिकॉनच्या जवळजवळ शंभरावा हिस्सा झाली, पण वीज तुलनेने चांगली जात राहिली. अशा तारेचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं तर त्यातून वीज मिळवता येते, कारण उष्णता झटकन निसटून जात नाही. चिपमध्ये जो शत्रू, तोच इथे मदतनीस.

प्रश्नोत्तरं

एका ताईंनी विचारलं आहे, फोन फार तापला तर फ्रिजमध्ये ठेवावा का? नको. आपल्या दमट हवेत थंड फोनवर बाहेरून आणि आतूनही पाणी धरतं. कव्हर काढा, उन्हातून सावलीत आणा, चार्जिंग थांबवा. फोनमध्ये पंखा नाही, त्याची पाठ हीच त्याची गच्ची.

दुसरा प्रश्न, हे सगळं कळून नवी मुंबईला काय फायदा? प्रश्न रास्त आहे. डेटा सेंटर म्हटलं की आपल्याकडे चर्चा जागेची, विजेची, पाण्याची होते, आणि व्हायलाच हवी. पण आतल्या ट्रान्झिस्टरपाशी दोन अंशांची चढण कमी झाली, तर बाहेरचं पाणी दोन अंश कोमट ठेवून भागतं, आणि तेवढी वीज वाचते. तेव्हा आपल्या गावच्या विजेच्या बिलाचा एक छोटा भाग पवईसारख्या ठिकाणी कुणी तरी विद्यार्थी दोन थरांच्या सांध्यावर काय करतो, त्यावर ठरतो. शिक्षणावरचा खर्च कुठे जातो असं विचारणाऱ्यांना हे उत्तर द्यायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न आहे, मग कोंत चुकला का? त्याने नियमाला मान दिला, ते बरोबरच होतं. ‘हे मुळात काय आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला त्याने गप्प बसवलं, तिथे मात्र आम्ही त्याच्याशी सहमत नाही. नियम नीट चालत असतो तोवर त्या प्रश्नाचा काही उपयोग दिसत नाही. नियम थांबतो तिथे पुढे जायला तोच प्रश्न हाताशी लागतो, आणि तोवर तो विचारायची सवय कुणाला तरी राहिलेली असावी लागते. वर्गात मुलं असा प्रश्न विचारतात तेव्हा ‘परीक्षेला नाही’ असं म्हणून आपण तो टाळतो. आम्हीही टाळला आहे. तो टाळू नये, एवढंच सांगून आज इथे थांबू.